गळ हा शब्द पुल्लिंगी आहे

मंगळवार, ८ एप्रिल

आजपासून रोजनिशी. येत्या रविवारी जे घडणार आहे त्याची पहिल्यापासून नोंद असावी, म्हणून. यश मिळालं की लोक विचारतात, तयारी कशी केली होती? तेव्हा आठवत बसावं लागू नये.

परिस्थिती अशी. सासऱ्यांचे गुडघे आता त्यांना बोटीत चढू देत नाहीत. आयुष्यभर त्यांनी लाकडी बोटी बांधल्या, सगळ्या दुसऱ्यांसाठी. स्वतःसाठी एकच ठेवली. छोटी, हिरवी, दोन वल्ह्यांची. ती आता देऊन टाकणार आहेत. जावई दोन: मी आणि साडू. सासरे म्हणाले, ज्याला बोट कळते त्याला मिळेल. दोघांना एकेक रविवार दिला.

साडूचा रविवार परवा झाला. दातांचा डॉक्टर आहे. दोन बास मासे घेऊन आला, बोट धुतली, पुसली आणि काही बोलला नाही. बोलण्यासारखं काही नसणारच. दिवसभर दुसऱ्यांना आ करायला सांगणाऱ्या माणसाकडून वक्तृत्वाची अपेक्षा नाही.

हा रविवार माझा.

दोन मासे ही काही कामगिरी नव्हे. मी एकच आणणार, पण असा की ओट्यावर मावणार नाही. हिला सांगितलं, रविवारी रात्रीसाठी काही आणू नकोस. ती म्हणाली, "अंडी आणून ठेवते." ऐकायची सवयच नाही.

आणखी एक नोंद. सासरे साडूला अरे-तुरे करतात. "अरे, ये. बस. चहा घे." बिचारा. सहा वर्षं झाली लग्नाला, मान काही मिळवता आला नाही. मला चौदा वर्षं अहो-जाहो. "या. बसा. चहा घेणार का?" फरक सांगायला नको. गेल्या महिन्यात मी त्यांच्या शेडच्या दारात उभा होतो, आत ते दोघं कशावर तरी खो खो हसत होते. मी आत गेल्यावर थांबले. हाही मानच.


बुधवार, ९ एप्रिल

ऑफिसात लंचमध्ये बासचा अभ्यास. तीन ग्रंथ आणलेत, पैकी एक दोन खंडांत.

सारांश. बास हा गोड्या पाण्यातला, मोठ्या तोंडाचा, गर्विष्ठ आणि आळशी मासा. सावलीत, बुडालेल्या ओंडक्यांपाशी, पाणवेलींच्या कडेला दबा धरून बसतो. समोरून काहीही हललं तरी झडप घालतो. रबरी किडा असो, पत्र्याचा चमचा असो, विचार करत नाही. असा प्राणी सत्तावीस वर्षं मुद्रितशोधन केलेल्या माणसासमोर किती वेळ टिकेल?

लोक मासेमारीला नशिबाचा खेळ म्हणतात. हे मला मान्य नाही. कधीच मान्य होणार नाही. नशीब हे न वाचणाऱ्यांनी शोधून काढलेलं कारण आहे. मासा पाण्यात असतो, पाणी डोळ्यांसमोर असतं, ज्ञान पुस्तकात असतं. उरतं काय? निश्चय.

दुपारी औषधाच्या पत्रकात एक चूक पकडली. "झोपण्यापूर्वी एक गोळी" ऐवजी "झोपल्यावर एक गोळी". सगळ्या प्रेसच्या नजरेतून सुटलं होतं ते. मी थांबवलं. दुरुस्त प्रुफाखाली नेहमीप्रमाणे "छापण्यास हरकत नाही" लिहून सही केली. हे तीन शब्द मी सहजासहजी लिहीत नाही. घरात तर आजवर एकाही गोष्टीखाली लिहावेसे वाटलेले नाहीत.


गुरुवार, १० एप्रिल

पॅसेजमध्ये गळ फेकण्याचा सराव. पहिली फेक: पडदा. दुसरी: पडदा. तिसरी लांब गेली, थेट स्वयंपाकघरात. प्रगती स्पष्ट आहे.

हिला बासच्या सवयी समजावून सांगत होतो. ओंडके, सावली, पाण्याचं तापमान. चौथ्या मुद्द्यावर ती म्हणाली, "बास." मी म्हटलं, तेच तर सांगतोय. ती म्हणाली, "नाही, बास." नंतर लक्षात आलं की ती माशाबद्दल बोलत नव्हती.

पडदा धुवायला टाकला. त्यातला गळ काढला नव्हता, हे वॉशिंग मशीन सुरू झाल्यावर आठवलं.

संकल्प: रविवारपर्यंत घरात सराव बंद. शरीराला विश्रांतीही लागते.


शुक्रवार, ११ एप्रिल

मासेमारीच्या दुकानात गेलो. दुकानवालीने विचारलं, पहिल्यांदाच का? मी म्हटलं, प्रत्यक्षात हो. ती म्हणाली, "मग आणखी कशात करतात?" मी ग्रंथांचा उल्लेख केला. तिने सत्तर गळांचं मोठं पाकीट काढून दिलं. म्हणाली, वाचणाऱ्यांना जास्त लागतात.

जाणकार बाई.


शनिवार, १२ एप्रिल

सासऱ्यांकडून बोटीच्या कुलपाची किल्ली आणली. ते शेडमध्ये रंधा मारत होते, बसूनच. मी म्हटलं, बाबा, उद्या अकराला धक्क्यावर या, मासा उतरवून घ्यायला माणूस लागेल. ते म्हणाले, "येतो. धाकटा जावई सोडेल मला." मग जरा थांबून म्हणाले, "तुम्ही सांभाळून जा." बस. एवढंच. मी थोडा वेळ उभा राहिलो, आणखी काही म्हणतील म्हणून. रंधा चालू झाला.

किल्लीबरोबर एक चिठ्ठी होती. सुतारी पेन्सिलीने लिहिलेली. जशीच्या तशी उतरवतो:

"निघण्यापूर्वी मागची गळ बघून घ्यावी ही विनंती."

अक्षर ठसठशीत. नम्रता योग्य. पण व्याकरण! "मागची गळ." गळ हा शब्द पुल्लिंगी आहे. तो गळ, मागचा गळ. तो बघून "घ्यावा". एका वाक्यात एकाच चुकीची दोन पिल्लं. चूक अशीच पसरते. एक शब्द वाकडा गेला की क्रियापद त्याच्या मागे मुकाट जातं, आणि कोणी विचारत नाही. मी विचारतो. म्हणून मी आहे.

लाल पेनने दुरुस्त केली. "मागची" वर काट, समासात "मागचा". "घ्यावी" वर काट, "घ्यावा". खाली छोटी टीप: "गळ, पु." पत्ता लागणार नाही इतक्या हळुवारपणे. चिठ्ठी शर्टाच्या खिशात. उद्या मासा उतरवून झाला की शांतपणे त्यांच्या हातात देईन. विजयाच्या क्षणी दिलेली दुरुस्ती माणसाला लागत नाही.

सूचनेचं पालनही करणार. दोन रॉड नेतोय, एक पुढे, एक मागे. मागच्या रॉडचा गळ निघण्यापूर्वी बघणार.

हिने अंडी आणली आहेत. बारा.


रविवार, १३ एप्रिल

सकाळी ५:५०. निघालो. वही मेणकागदाच्या पिशवीत, पेन्सिल कानावर. तिने झोपेतच विचारलं, "टोपी घेतली का?" एवढ्या मोठ्या दिवशी माणसं टोपीचा विचार करतात.

६:२०. धक्का. कुलूप उघडलं. बोट अपेक्षेपेक्षा लहान आहे, किंवा ग्रंथ अपेक्षेपेक्षा मोठे आहेत. जागा करण्यासाठी बोटीची साफसफाई केली. मागच्या फळीखाली एक गंजका डबा होता, आत मेणात बुडवलेली सुतळी आणि एक बोथट पटाशी. बाहेर ठेवला. त्याशिवाय एक टमरेल. होय, टमरेल. पत्र्याचं, कान तुटलेलं. सासऱ्यांबद्दल मला आदर आहे, म्हणून ते तिथे कशासाठी होतं यावर काही लिहीत नाही. दोन बोटांत धरून धक्क्यावर ठेवलं.

लाइफ जॅकेट खाली अंथरून त्यावर ग्रंथ ठेवले. ओले होऊ नयेत.

६:३५. मागचा गळ बघून घेतला. उत्तम. टोकदार. अंगठ्यातून थोडं रक्त. सूचनेचं तंतोतंत पालन झालं.

६:५०. वल्हवतोय. तळं शांत. बोट एकाच जागी गोल फिरते आहे. उजव्या हाताची ताकद जास्त असावी. सत्तावीस वर्षं उजव्या हाताने लिहिल्याचा परिणाम.

७:१०. ठरलेली जागा गाठली. पूर्वेकडच्या काठाला झुकलेलं झाड, खाली बुडालेला ओंडका, पाणवेली. खंड एक, प्रकरण चार, चित्र सात. तंतोतंत. काठावर एक आजी घडीच्या खुर्चीवर बसून स्वेटर विणताहेत. शेजारी एक साधी काठी रोवली आहे, दोरी पाण्यात. आमिष म्हणून पावाचा तुकडा. हसू आलं.

७:१५. पहिली फेक. टोपी. (म्हणजे घेतली होती, हे हिला सांगायला हवं.)

७:२२. दुसरी फेक. झाड. बास झाडाच्या सावलीत असतो, मी झाडापर्यंत पोचलो, म्हणजे दिशा बरोबर आहे. फक्त उंची.

७:३०. झाडावर आता माझे चार गळ आहेत. सहासष्ट शिल्लक. (एक टोपीत गेला होता, तो यात धरलेला नाही. पासष्ट.) लांबून फार छान दिसतं. रबरी किडे वाऱ्यावर हलतात.

७:३५. आजींनी एक मासा काढला. न बघता. टाका सुटू नये म्हणून आधी ओळ पूर्ण केली.

७:४०. पायाशी थोडं पाणी. वल्ह्यांवरून गळलेलं. ग्रंथात आहे की तळ थोडा ओला असलेला चांगला, लाकूड फुगतं आणि फटी बुजतात.

७:५५. पाणी घोट्यापर्यंत. लाकूड भरपूर फुगत असणार.

८:०५. आजींनी ओरडून विचारलं, "अहो, बोट तिरकी दिसतेय का मला?" मी सांगितलं, तिरकी नाही, वाऱ्याच्या कोनात धरली आहे. त्या म्हणाल्या, "वारा कुठाय?" अशा लोकांना तंत्र समजावण्यात अर्थ नसतो.

८:२०. सँडविच खायला घेतलं. ते माझ्याकडे स्वतःहून आलं. पोहत. उकडलेलं अंडं मात्र बुडालं. अंडं बुडालं म्हणजे ताजं, ही ओळखण्याची खूण आहे. हिने चांगली अंडी आणली आहेत.

८:३०. पाणी उपसायला काही नाही. एक वस्तू होती, ती धक्क्यावर ठेवली. त्या वस्तूचा इथे काय उपयोग होता ते आत्ता लक्षात येतं. पण तरीही ते टमरेल होतं. टोपीने उपसतोय. टोपीला माझ्याच गळाने भोक पाडलं आहे.

८:५०. उपसणं थांबवलं. दोन्ही कामं एकदम करता येत नाहीत, आणि मी इथे मासा धरायला आलो आहे, पाणी काढायला नाही. माणसाने ध्येयावरून नजर हटवली की संपला. इतिहास अशा लोकांनी भरलेला आहे ज्यांनी ऐन वेळी टोपी हातात घेतली.

९:१२. लागला!!!

९:४०. क्रमाने लिहितो.

मागच्या रॉडला (तोच गळ, जो मी बघून घेतला होता) असा हिसका बसला की मी उभा राहिलो. रॉड धनुष्यासारखा वाकला. पाण्याबाहेर तो एकदा उडाला आणि मी त्याला पाहिलं. हिरवट काळा, पोट पांढरं, तोंड एवढं की माझी मूठ आत जाईल. तीन किलो. अडीच तर नक्कीच. आजींनी विणकाम खाली ठेवलं. खाली ठेवलं! मी ओढला, त्याने ओढलं, मी सोडलं, पुन्हा ओढला. खंड दोन, प्रकरण अकरा. आणि त्याला मी बोटीच्या काठावरून आत घेतलं.

हे स्पष्ट लिहून ठेवतो. मासा बोटीत होता. साक्षीदार आहे. बोटीत होता.

बोटीत पोहत होता. कारण पाणी आता गुडघ्यापर्यंत होतं. त्याच्या तोंडातून गळ सुटला. त्याने बोटीत एक फेरी मारली, माझ्या पायांमधून गेला, ग्रंथांना वळसा घातला. मी दोन्ही हातांनी धरायला वाकलो. माझ्या वजनाने मागची बाजू पाण्याखाली गेली आणि मासा काठावरून, घाई न करता, पुन्हा तळ्यात गेला. अपमान त्या घाई न करण्याचा वाटतो.

१०:०५. बोट बुडालेली नाही. बोट तळाला टेकली आहे. हा फरक महत्त्वाचा आहे. इथे पाणी छातीपर्यंतच आहे. मी बोटीत उभा आहे, बोट तळ्यात उभी आहे, वही डोक्यावर धरून लिहितो आहे. तांत्रिकदृष्ट्या मी अजून बोटीवरच आहे.

ग्रंथ सुखरूप. लाइफ जॅकेटवर बसून पलीकडच्या काठाकडे निघाले आहेत.

१०:२०. आजींनी विचारलं, "काय हो, मदत बोलावू का?" मी म्हटलं, नको, माझी माणसं अकराला येतील. त्या म्हणाल्या, "मग तोवर तिथेच उभे राहणार?" मी म्हटलं, ठरलेली वेळ अकरा आहे. त्यांनी पुन्हा विणायला घेतलं. मग म्हणाल्या, मासा मात्र चांगला होता. मी म्हटलं, आभारी आहे.

दुपारी ३:००, घरी. कोरडा.

अकराला दहा मिनिटं कमी असताना ते दोघं धक्क्यावर आले. साडू मला बघून पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात शिरला, मग दुमडण्याचा उपयोग नाही हे बघून तसाच आला. दोघांनी मिळून बोट काठाला ओढली. माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाला, "दादा, पाय जपून. गळ पडलेत सगळीकडे."

सासरे काठी टेकत बोटीपाशी आले. माझ्याकडे नाही, बोटीकडे बघत होते. मागच्या फळीच्या सांध्यावर अंगठा फिरवला. मग विचारलं, "निघायच्या आधी गळ बघितली का?"

मी म्हटलं, बघितला.

ते म्हणाले, "बघितली?"

मी म्हटलं, बघितला. उत्तम होता. त्यालाच मासा लागला.

ते माझ्याकडे बघत राहिले. साडूही. कुणाला काहीच कळत नव्हतं असं वाटलं, म्हणून खिशातली चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली. ओली होती, पण लाल शाई चांगल्या कंपनीची आहे, फुटली नव्हती. त्यांनी चष्मा लावला. काट वाचली, समास वाचला, "गळ, पु." वाचलं. वाचायला फार वेळ लावला. मग घडी घालून खिशात ठेवली आणि साडूला म्हणाले, "चल रे."

मला म्हणाले, "तुम्ही कपडे बदला. सर्दी होईल."

व्याकरणापुढे कोणाचं चालत नाही.

संध्याकाळी ६:३०. शब्दकोश काढला, केवळ खात्री म्हणून. मोठा, जाड, ज्यावर माझा पूर्ण विश्वास आहे तो.

गळ (पु.): मासे धरण्याचा आकडा.

त्याखाली आणखी एक नोंद आहे. ही मी आजवर पाहिली नव्हती.

गळ (स्त्री.): गळती, पाझर.

म्हणजे मागची गळ. मागच्या सांध्यातून पाणी येतं, ती निघण्यापूर्वी बघून घ्यावी. मेणाची सुतळी पटाशीने दाबून बुजवावी. डबा त्यासाठी. टमरेल त्यासाठी.

शब्दकोशात छपाईची चूक असण्याची शक्यता आहे.

६:४५. दुसरा शब्दकोश बघितला. त्यातही आहे.

७:१५. हिला सांगितलं. वाटलं हसेल. हसली नाही. म्हणाली, "अहो, बाबांनी चाळीस वर्षं बोटी बांधल्या. त्यांचा शब्द तुम्ही त्यांनाच लाल पेनने शिकवलात?" आणि ओट्याकडे वळून अंडी फोडायला लागली. चार फोडली. पाठमोरीच म्हणाली, "आणि बोट ठीक आहे का, हे विचारलंत का त्यांना?"

विचारलं नव्हतं.


सोमवार, १४ एप्रिल

ऑफिसला सर्दीचा निरोप दिला. सर्दी झालेली नाही, पण होऊ शकते असं खुद्द सासरे म्हणाले होते.

सासऱ्यांना पत्र लिहायला घेतलं. चार पानं झाली. पहिल्या पानावर मासेमारीच्या परिभाषेत शब्दांच्या लिंगाबद्दल प्रमाणीकरण किती आवश्यक आहे ते मांडलं. दुसऱ्यावर वाऱ्याचा कोन. तिसऱ्यावर मासा बोटीत होता याचा पुरावा. चौथ्यावर उपसंहार.

वाचून बघितलं. एकही चूक नाही. विरामचिन्हंसुद्धा जागच्या जागी.

हिला दाखवलं. तिने चारही पानं वाचली, शांतपणे, आणि परत दिली. म्हणाली, "यात 'चुकलं' हा शब्द कुठाय?"

पुन्हा शोधला. पत्रात नाही. सत्तावीस वर्षांत वगळलेला शब्द माझ्या नजरेतून पहिल्यांदा सुटला.


मंगळवार, १५ एप्रिल

पत्र घेऊन गेलो नाही. नुसताच गेलो.

शेडमध्ये बोट लाकडी घोड्यांवर उपडी घातलेली. मागचा सांधा उघडा. सासरे स्टुलावर बसून जुनी सुतळी उकरून काढत होते. गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी. मी दारात थांबलो. भाषण तयार होतं, तीन मुद्द्यांचं. पहिला मुद्दा सुरू करणार तेवढ्यात ते मान वर न करता म्हणाले, "तो मेणाचा डबा द्या जरा."

दिला.

मग सुतळीचं दुसरं टोक धरायला सांगितलं. धरलं. "ताणा." ताणलं. पटाशी माझ्या हातात दिली. सांध्यात दाबायचं, ठोकायचं नाही, दाबायचं, म्हणाले. मी ठोकलं. लाकूड कुरकुरलं. ते एकदम ओरडले, "अरे, दाब! दाब ना!" आणि मग लगेच, घसा खाकरून, "म्हणजे... दाबा."

मी दाबलं.

आयुष्यात अनेक दुरुस्त्या केल्या आणि सोसल्या. पण ही दुरुस्ती अनावश्यक होती असं माझं स्पष्ट मत आहे. मूळ पाठ योग्य होता.

दोन तास बसलो. मी फार बोललो नाही. एकदा म्हटलं, बाबा, चुकलं. ते म्हणाले, "कशाबद्दल? बोटीबद्दल की गळीबद्दल?" मी म्हटलं, दोन्ही. त्यांनी तोंडातली सुतळी काढली आणि म्हणाले, एकेकाळी त्यांच्याकडे एक कारकून होता, त्यानेही असंच गळ वाचून फक्त मासे पकडायचा आकडा तपासला होता. मी विचारलं, मग त्याचं काय झालं? ते म्हणाले, "त्याची बोट मात्र पुरती बुडाली. तुमची टेकली."

हसले. मीही. दारात कोणी आलं नाही, त्यामुळे थांबावं लागलं नाही.

निघताना विचारलं, बोट ठीक होईल ना? ते म्हणाले, "होईल. लाकूड आहे ते, माणूस नाही."


बुधवार, १६ एप्रिल

कामावर. पत्रकं. "जेवणानंतर" ऐवजी "जेवणाआधी" नव्हतंच कुठे. सगळं बरोबर होतं. दिवस सपक गेला.

संकल्प: (१) निघण्यापूर्वी दोन्ही शब्दकोश बघणे. (२) ग्रंथ परत करणे. पलीकडच्या काठावरून आणल्यानंतर.


रविवार, २० एप्रिल

निर्णय झाला. बोट साडूला.

अर्थातच. त्याने कधी झाडात गळ टाकला नाही, कधी बोट तळाला टेकवली नाही. तो बोटीत बसला की बोट बोटीसारखी वागते. मी अभिनंदन केलं. मनापासून, आणि अवघ्या सहा वाक्यांत. साडू म्हणाला, "दादा, पण एकट्याने मजा नाही." त्याचं मी ऐकलेलं हे सर्वांत लांब वाक्य.

मला काय मिळालं? टमरेल. कान नवा बसवला आहे, तांब्याची तार गुंडाळून, फार सफाईने. सासरे म्हणाले की बोट जुनी आहे, सांधा कितीही भरला तरी पाणी येणारच, कोणीतरी उपसायला लागतं. साडू वल्हवणार, मी उपसणार. दर रविवारी. तीन किलोचा बास ज्याच्या पायांमधून गेला त्या माणसाच्या वाट्याला टमरेल आलं. याहून जास्त काही लिहीत नाही.

आज पहिला रविवार झाला. साडूला एक मासा. मला शून्य. उपसलेलं पाणी: एकशे बारा टमरेलं. झाडाखालून जाताना वर बघितलं. माझे चारही गळ जागेवर आहेत.

पण नोंदवायचं आहे ते वेगळं. सकाळी निघताना टमरेलात एक चिठ्ठी होती. सुतारी पेन्सिल, तेच ठसठशीत अक्षर. आधी लिहिलं होतं: "मागची गळ बघा." मग "बघा"चा काना खोडला आहे. सुताराच्या पेन्सिलीने नाही, लाल पेनने. माझ्यासारखीच काट, समासात खूणसुद्धा. पेन बहुतेक हिने दिलं असावं.

"मागची गळ बघ."

तीनदा वाचलं. गळ स्त्रीलिंगी, बरोबर. बघ एकवचनी.

छापण्यास हरकत नाही.